हलक्या हाताने वाजलेली कडी

गॅलरीत चादरीचं एक टोक दोरीवर टाकलं होतं आणि दुसरं हातात पिळत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावर कडी वाजली. दोनदा, हलकेच. शेजारीण वाटीभर साखर मागायला आल्यासारखी. पिळलेलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी मी तशीच उभी राहिले. ती कडी माझ्या नणंदेने वाजवली होती.

माझी नणंद पोलिसात आहे. कोर्टाने एखाद्याला पकडून आणा म्हटलं की त्याचं वॉरंट चौकीत येतं, आणि ते घेऊन त्या माणसाच्या दाराशी जाणं हे तिचं काम. अंगाने काडी. गणवेश खुंटीला टांगलाय की तिने घातलाय, कळू नये. चौकीत तिला सगळे ‘कडी’ म्हणतात. घरी आमचे हेही सख्ख्या बहिणीला त्याच नावाने छळतात. ती दारात दिसली की म्हणतात, आली बाई कडी, ज्याने त्याने आपापली पापं आठवा. ती हसते, पण जेवायला बसते ती भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून.

त्यालाही कारण आहे. नोकरीत नवी असताना तिने एका दारावर काठी आपटून, पोलीस आलेत, अशी रीतसर हाक दिली होती. दार उघडलं ते कोयत्यासकट. पुढे उभा होता त्या जोडीदाराचा कान गेला. तेव्हापासून ती दारासमोर म्हणून उभी राहत नाही. चौकटीच्या आडोशाला भिंतीला चिकटते, श्वास रोखते आणि कडी नुसती हलवते. आतल्याला वाटतं घरचंच कुणीतरी आहे, तो हात पुसत दार उघडतो, आणि हिचा हात त्याच्या मनगटावर पडलेला असतो. ना आरडाओरडा, ना मागच्या दाराने पळापळ. साहेब खूश असतात. ती मात्र अशा दिवशी घरी आली की आधी घटाघटा पाणी पिते.

पण गल्लीलाही कान असतात. वाण्याच्या भावाला तिने असंच उचललं, आणि त्या दिवसापासून आमच्या भागात हलकी कडी वाजली की दारं उघडेनाशी झाली. कुणाकडे जायचं तर बायका जिन्यातूनच हाका मारत जातात. हे तिला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पोलिसाला कोण सांगणार? आणि घरात कामाचं बोलायचं नाही, हा तर तिचाच नियम.

वर राहतात घड्याळवाले काका. काकू अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना थोड्या थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणून काका दुकान बंद ठेवून खाटेशेजारीच घड्याळं उघडून बसतात. भिंग डोळ्याला, कान काकूंकडे. त्यांच्या घरी पोलिसांचं काय काम असणार, असा विचार करत मी मान वर केली, तर मला काकांचे पाय दिसले.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या छज्ज्यावर ते उभे होते. अनवाणी. सांडपाण्याच्या पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारलेली. खाली फरशीचं आवार. ओरडले असते तर दचकले असते. त्यांनीच मान हलवून मला गप्प राहायला सांगितलं, आणि कुजबुजले, “बोलू नका. ती जाईल एवढ्यात.”

ती गेली नाही. दार उघडेना म्हणून तिच्याबरोबरचे हवालदार पुढे झाले आणि त्यांनी दार बडवायला सुरुवात केली. एकेका दणक्याला काका पाइपाला आणखी घट्ट बिलगत होते. पाइपाचा एक खिळा भिंतीतून निम्मा बाहेर आलेला मला खालून दिसत होता. देवाचं नाव घेतलं, एवढंच आठवतं. चादर तिथेच टाकून मी जिना चढले.

नणंद दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभी होती. मी तिच्या कानाशी लागून सांगितलं. तिने हवालदारांचा उगारलेला हात धरला. ते तिच्याहून वयाने, नोकरीने मोठे. म्हणाले, पळतोय म्हणजे पाणी मुरतंय, मी खाली जाऊन धरतो. ती म्हणाली, खाली कुणी जायचं नाही, आणि दाराला कुणी बोटही लावायचं नाही.

ती आमच्या गॅलरीत आली. वर बघून तिने काकांना हाक मारली.

“काका, हे जामिनाचं वॉरंट आहे. सही करायची आणि घरीच राहायचं.”

“मग चोरासारखी कडी का वाजवलीस?” काका म्हणाले. “वाण्याच्या भावाला अशीच वाजवून नेलंस. तो अजून आला नाही. मला नेलंस तर हिला कूस कोण बदलून देणार? तू?”

मग तिने सगळं खरं सांगितलं, अगदी हळू. काकांच्या दुकानात मागे चोरी झाली होती. चोर सापडला, खटला उभा राहिला. कोर्टाने काकांना साक्षीला बोलावलं, पुन्हा बोलावलं. काकूंना एकटं टाकून जायचं कसं, म्हणून ते गेलेच नाहीत. शेवटी वॉरंट निघालं ते ज्याच्याकडे चोरी झाली त्याच्यावर. काका ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

“मला आता मागे सरकता येत नाही,” ते म्हणाले. “पायात गोळा आलाय.”

वरच्या दाराला आतून अडसर, काकूंना उठता येत नाही. वरून हात द्यायला कुणी नव्हतं. नणंद आमच्या कठड्यावर एक गुडघा टेकून उभी राहिली. मी मागून तिच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला. तिने हात वर केले आणि काकांना सांगितलं, एक पाय खाली सोडा.

“तू धरलंस म्हणजे अटकच ना?” काकांनी विचारलं.

“पडू नये म्हणून धरतेय, काका. सोडा पाय.”

काका हलले नाहीत. वरून काकूंचा क्षीण आवाज आला, अहो, कुठे गेलात, पाठ दुखतेय. आणि काकांनी पाय सोडला. तिने तो घोट्याशी धरला, मग दुसरा. पाइपाचा खिळा सुटून फरशीवर खणकन पडला, तेव्हा काका अर्धे तिच्या खांद्यावर आणि अर्धे माझ्या ओल्या चादरीवर होते.

तेवढ्यात कामावरून आलेले आमचे हे कुणाची तरी शिडी आणून काकांच्या मागच्या खिडकीतून आत शिरले आणि त्यांनी अडसर काढला. काकांनी आधी काकूंना कुशीवर वळवलं, मगच कागदावर सही केली. जामीनदार म्हणून ह्यांनी सही केली. तारखेच्या दिवशी काकूंजवळ मी बसायचं ठरलं. काकूंना कुणी काही सांगितलं नाही. त्या काकांना एवढंच म्हणाल्या, दार वाजलं तर उघडत जा हो, माणसं काय म्हणतील.

नणंद आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी पाणी दिलं तर तिने पेला न पिताच खाली ठेवला. म्हणाली, “वहिनी, मला कुणीच कसं सांगितलं नाही? लोक दार उघडेनासे झालेत, खिडक्यांतून बाहेर निघतायत.” मी म्हटलं, उद्यापासून सरळ हाक देऊन सांगत जा. तिने स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला. लावला आणि लगेच काढला.

खालून हवालदारांनी तिला हाक मारली. तिने टोपी घातली, बूट चढवले, खिशातलं दुसरं वॉरंट चाचपून पाहिलं. ते जामिनाचं नाही, माणूस धरूनच आणायचा. ते घेऊन तिला आत्ताच्या आत्ता लाकडाच्या वखारीमागे, सुताराच्या घरी जायचंय.