बोडीत बुडवलेलं बिजाचं लाकूड

नोकरीत किती पंचनामे लिहिले ते मी मोजलं नाही, आणि त्यातले बहुतेक विसरलोही. पण मे महिन्याच्या भर दुपारी एका बोडीच्या काठावर बसून लिहिलेला पंचनामा मला अजून जवळजवळ पाठ आहे. तो चुकीचा होता, म्हणूनच पाठ राहिला असावा.

गोंदिया जिल्हा तेव्हा नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता. मी फौजदार होतो आणि सालेकसा भागातल्या एका छोट्या ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. कौलारू इमारत, पुढे मोहाचं मोठं झाड, मागे रेल्वेचा रूळ. गाडी गेली की लॉकअपची कडी आपोआप वाजायची आणि पहारेकरी दचकून उभा राहायचा. वायरलेसवर निम्मा वेळ खरखर. तरीही आज विचाराल तर सांगेन, माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस त्या ठाण्यातले. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचा वास थेट स्टेशन डायरीच्या पानांना लागायचा.

त्या उन्हाळ्यात राखीव जंगलातून सागाची आणि बिजाची झाडं तोडली जात होती. बिजा म्हणजे बाकीच्या महाराष्ट्रातला बिबळा. टणक, पिवळसर तपकिरी लाकूड. या भागात दाराला, बैलबंडीला त्याच्यासारखं दुसरं नाही असं म्हणतात. तोड थांबवायला गेलेल्या एका वनरक्षकाला मारहाण झाली आणि गुन्हा आमच्याकडे आला. साहेबांचा गोंदियाहून रोज फोन, "काय प्रगती?" प्रगती शून्य होती. जंगलात तोडलेल्या झाडांची ताजी ठुटं सापडत होती, लाकूड कुठे जातं ते सापडत नव्हतं.

अशात एके सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "साहब, बोडी में बिजा डुबा के रखा है. पाँच नग," एवढं बोलून त्यानं गावाचं नाव आणि जागा सांगितली आणि फोन ठेवला.

बोडी म्हणजे शेतांमधलं लहान तळं. मी होतं नव्हतं तेवढं मनुष्यबळ जीपमध्ये कोंबलं आणि निघालो. शिपाई कमरेएवढ्या पाण्यात उतरले. बांधापासून दहा पावलांवर, चिखलात, वर दगड ठेवलेली पाच लाकडं निघाली. प्रत्येक जवळजवळ सात फुटांचं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच, काठावर, दोन पंच बसवून पंचनामा लिहायला घेतला. "सदरची लाकडे चोरीच्या उद्देशाने पाण्याखाली लपवून ठेवलेली मिळून आली." हे वाक्य लिहिताना मला माझ्याच अक्षराचं कौतुक वाटलं होतं.

गावातला एक म्हातारा धावत आला. साठी उलटलेला, किडकिडीत, कानावर पेन्सिल. गावचा मिस्त्री, म्हणजे सुतार. बौद्ध वस्तीतला.

"लाकूड माहं हाय साहेब," तो म्हणाला.

"कागद?"

"कागद नाई."

"मग झाड कुठलं?"

"बांधावरचं."

"कोणाच्या बांधावरचं?"

म्हातारा लाकडावरचा चिखल हातानं पुसू लागला. झाड मालकीच्या शेतातलं असलं तरी बिजा तोडायला परवानगी लागते, आणि नाव न सांगणारा माणूस म्हणजे आम्हा पोलिसांच्या लेखी निम्मा आरोपी. त्याला ठाण्यात आणलं. तीन तास विचारलं. मारहाण केली नाही, पण आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, त्याच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे केलं. त्यानं एवढंच सांगितलं की लाकूड गावातल्या विहाराच्या दारासाठी आहे. लोकांनी श्रमदानातून विटांचा नवा विहार उभा केला होता आणि आषाढ पौर्णिमेच्या आधी दार बसवायचं होतं. झाड कोणी दिलं, हे मात्र सांगेना.

"सांगून टाक आणि घरी जा," मी म्हणालो.

"शब्द देल्लो हाय साहेब. मले बसवा पायजे तेवढं."

अटक करण्याइतका पुरावा नव्हता. रोज सकाळी हजेरी द्यायची या अटीवर त्याला सोडलं. लाकडं ठाण्याच्या अंगणात, मोकळ्यावर टाकली. मोहाच्या सावलीत जीप उभी राहायची, तिथं मुद्देमालाला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आठ मैल चालत आला, हजेरी दिली आणि गेला नाही. खिडकीतून पाहिलं तर तो हातपंपावर आपला दुपट्टा भिजवून लाकडांच्या टोकांवर पिळत होता. एका लाकडावरून दुसऱ्या, मग पुन्हा पंपाकडे. पहारेकरी ओरडला, "ए बुढ्या, मुद्देमालाला हात लावू नको!" म्हातारा बाजूला झाला आणि उन्हातच बसून राहिला. दुपारी माझ्या टेबलापाशी आला.

"साहेब, मले आत टाका. पन लाकडावर ओले बोरे-पोते टाका. ऊन लागून राह्यलं, फाटून जाईन."

मी हसलो. खरंच हसलो. "तुला सुटकेची पडली नाही, लाकडाची पडली आहे?" असं काहीतरी म्हणालो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी आमचे जमादार परतले. ते कोर्टात साक्षीसाठी गोंदियाला गेले होते. याच मातीतला माणूस, बोलायला रोखठोक. अंगणात आले, लाकडांभोवती एक फेरी मारली आणि टोपी काढून सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

"साहेब, हे कायले उचलून आनलं?"

"चोरीचं आहे. बोडीत लपवलं होतं."

"लपवलं?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. "चोर लाकूड लपवते तं दोन दिवसासाठी. याची साल सोलून हाय, टोकाले शेन लावून हाय. हे मुरवासाठी टाकलं होतं. इकडचे सगळे मिस्त्री टाकतेत. दोन पावसाळे बोडीत राह्यलं का त्याले भुंगा लागत नाई, अन् दार वाकत नाई. तुमच्याकडं लाकूड मुरवत नाई का?"

आमच्याकडे, म्हणजे साताऱ्याकडे, मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या माहितीत लाकूड वखारीत मिळायचं.

जमादारांनी मला एक प्रयोग दाखवला. वनपालानं ताज्या ठुटाची ढलपी पुरावा म्हणून आणून ठेवली होती. ती एका काचेच्या ग्लासात टाकली, अंगणातल्या लाकडाची ढलपी दुसऱ्यात. ताज्या बिजानं पाणी रंगतं, साखरेच्या आजाराचे लोक ते पितातसुद्धा. चहा पिऊन होईपर्यंत पहिल्या ग्लासातलं पाणी पिवळं-तांबूस झालं. दुसरं जेमतेम मळकट. या लाकडातला रंग कधीच बोडीनं पिऊन टाकला होता. ते या उन्हाळ्यातल्या तोडीचं असूच शकत नव्हतं.

मी अंगणात गेलो. पाचही लाकडांची टोकं तडकली होती. बोट जाईल एवढ्या भेगा. म्हातारा शेजारी बसून होता. दोन वर्षं त्यानं वाट पाहिलेलं लाकूड मी तीन दिवसांत फाडलं होतं.

ओली पोती टाकायला लावली. स्टेशन डायरीत नोंद केली, "पहाऱ्यावरील अंमलदाराने दर तासाला मुद्देमालावर पाणी मारावे." पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी ही नोंद दोनदा वाचली आणि सही केली.

मग खुर्ची ओढून म्हाताऱ्याला समोर बसवलं. "मिस्त्री," मी म्हणालो, "झाडाचं राहू द्या. पाच नग बोडीत आहेत, हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं?" मी त्यांना पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होतो.

त्यांनी विचार केला. "गावाले माहीत हाय का बोडीत लाकूड हाय. पन किती नग, ते नाई. मी एकट्यानंच टाकले. चिराई करासाठी आरामशिनवर गेलो होतो, तं तिथं पाच सांगतलो."

आरामशीनचा, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीचा, मालक ठाण्यात येऊन-जाऊन असायचा. आला की सगळ्यांना चहा सांगायचा, पंच म्हणून सही करायलाही तयार. आणि त्या दिवशी, आम्ही सगळे बोडीत उभे असताना, रस्त्यावर एकही पोलीस नव्हता.

मी त्याला काही विचारलं नाही. वाट पाहिली. आठवड्याच्या आत दुसरा फोन आला, पुन्हा तसाच आवाज, या वेळी विरुद्ध दिशेच्या गावाचं नाव. जीप मी मुद्दाम बाजारातून, हॉर्न वाजवत त्या गावाकडे पाठवली. मी, जमादार आणि वनपाल साध्या कपड्यांत मोटारसायकलींवरून रेल्वे फाटकावर गेलो. राज्याच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या ट्रकला तिथे थांबावंच लागतं. दुपारची मालगाडी यायची होती. फाटक पडलं आणि मागे तेंदूपानांची पोती भरलेला एक ट्रक येऊन उभा राहिला. हंगामच तेंदूचा होता, कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. जमादार वर चढले, चार पोती बाजूला सारली.

"साहेब, ताजं हाय," त्यांनी वरूनच हाक मारली. "हाताले चिकटून राह्यलं."

फाटक उघडायच्या आत ड्रायव्हरनं आरामशीनच्या मालकाचं नाव सांगितलं. वनरक्षकाला मारणारे दोघंही त्याच्याच कामावरचे निघाले. गुन्हा उघडकीस आला, साहेबांचा शाबासकीचा फोन आला.

पण मिस्त्रींची लाकडं अजून अंगणातच होती. झाडाचा मालक पुढे आल्याशिवाय ती सोडता येत नव्हती आणि मिस्त्री शब्द मोडायला तयार नव्हते. अखेर मालक स्वतःच आला. शेजारच्या गावचा पोवार समाजातला शेतकरी, बऱ्यापैकी जमीन असलेला, मिस्त्रींच्याच वयाचा. आल्या आल्या मिस्त्रींवरच खेकसला.

"काऊन नाव सांगतलं नाईस माहं? पंधरा दिवस चकरा मारून राह्यला!"

"तुहे भाऊ..." मिस्त्री एवढंच बोलले.

जबाबात सगळं आलं. झाड सामाईक बांधावरचं. भावांना विचारलं असतं तर विहारासाठी त्यांनी दिलं नसतं, म्हणून यानं न विचारता, परवानगी न काढता तोडून दिलं. मी कारण विचारलं. "आमी दोघं चौथीपर्यंत एका फळीवर बसलो साहेब," तो म्हणाला. "त्यानं पयल्यांदा कायतरी मागतलं."

जबाबावर त्यानं सही केली. वनखात्यानं दंड केला, तो त्यानं भरला. भावांनी बरेच दिवस त्याच्याशी अबोला धरला, असं कानावर आलं. लाकडं सुपूर्दनाम्यावर मिस्त्रींना परत गेली. त्या दिवशी आमच्याच शिपायांनी ती बंडीवर चढवली, सांगावं लागलं नाही.

आषाढ पौर्णिमेला मला बोलावणं आलं. साध्या कपड्यांत गेलो. गावभर निळे झेंडे, भाताच्या रोवणीसाठी चिखल तुडवून आलेली माणसं स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत. विहाराच्या दारातून आत जाताना माझं कपाळ चौकटीवर खाडकन आपटलं. मी सहा फुटांना थोडा कमी आहे. बायका हसल्या. मिस्त्रींनी पुढे येऊन माझं कपाळ पाहिलं.

"जरा वाका साहेब. टोकं फाटले होते ना, कापून टाकले. वीतभर कमी झालं."

मी तिथे, सगळ्यांसमोर म्हणालो, "मिस्त्री, माझं चुकलं." त्यांनी मान हलवली. "चुकलं तं चुकलं. जेवून जा," म्हणाले. मी पंगतीत बसून जेवलो.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी फिरलो आणि मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालो. तरुण फौजदार शिकायला यायचे तेव्हा त्यांना एकच सांगायचो: पंचनाम्यात "लाकडे पाण्याखाली मिळून आली" इथे थांबा. "लपवलेली" हा शब्द लिहायच्या आधी गावातल्या सुताराला विचारा. काही जणांना ते पटायचं, काहींना मी म्हातारा झालोय असं वाटायचं.

निवृत्तीनंतर पत्नीला घेऊन प्रतापगडाकडे, साताऱ्याच्या नव्हे, गोंदिया जिल्ह्यातल्या, निघालो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावी गेलो. मिस्त्री राहिले नव्हते. दार होतं. हात लागून लागून त्याचा रंग गडद झाला होता आणि इतक्या पावसाळ्यांनंतरही ते जराही वाकलं नव्हतं. आत जाताना या वेळी मी आठवणीनं वाकलो. पत्नी पुढे होती. वळून ती म्हणाली, "एवढं सुरेख दार, पण इतकं ठेंगणं कोणी केलं?"

"मी," म्हणालो.