तानपुऱ्याच्या पेटीतल्या पुड्या

माझ्या तानपुऱ्याच्या पेटीतून पुड्या नाहीशा व्हायला लागल्या, तेव्हा पहिला संशय मी नवऱ्यावर घेतला. घरात काहीही हरवलं की सुरुवात तिथूनच करायची, ही माझी पद्धत.

त्या पुड्यांशिवाय इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या हिवाळ्यात तानपुरा टिकत नसे. बाहेर बर्फ, आत दिवसरात्र हीटर. माणसांचे ओठ फुटतात, तिथे भोपळ्याची काय कथा! गिटारच्या दुकानात या चपट्या कागदी पुड्या मिळायच्या. हवा कोरडी पडली की ओल सोडायच्या, जास्त झाली की परत शोषून घ्यायच्या. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मी काय खाल्ल्या? वर लिहिलंय की खाऊ नका म्हणून. नीट बघ, पेटीतच असतील." म्हणजे मी आंधळी!

मग उरले अण्णा, माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना काही महिन्यांसाठी इकडे आणलं होतं. आले तेव्हा अगदी गरीब गाय. पण थंडी वाढली तसे त्यांचे रंग बदलले. खोलीचं दार कायम लोटलेलं. रोज दुपारी, नाक गोठेल अशा हवेत, माकडटोपी चढवून म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून येतो." पाय मोकळे कुठे, तर शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याच्या गॅरेजमध्ये! अण्णांचं इंग्रजी पोस्टाच्या खिडकीपुरतं, आणि त्याला मराठीचा गंध नाही. दोघं बोलत काय असतील? परत आले की स्वेटरला उग्र वास. आणि भूक! अर्धी पोळी खाऊन उठणारा माणूस रोज मऊ भात मागायला लागला, तूप-मीठ घालून, तोही डब्यात. "सावकाश खातो गं नंतर." कुठेतरी पाणी मुरत होतं.

एका सकाळी ते आंघोळीला गेले आणि मी त्यांचं कपाट उघडलं. सुनेनं असं करू नये वगैरे मला माहीत आहे. शालीखाली माझीच लोणच्याची काचेची बरणी निघाली. आत लोणचं नव्हतं. हिरवट, वाळलेले तुरे होते आणि त्यांच्यावर ऐटीत बसलेली माझी पुडी. झाकण काढलं आणि वास आला. कॉलेजच्या होस्टेलच्या गच्चीवरून यायचा, तोच. गांजा!

आमच्या ग्रीन कार्डाचं काम अडकलं होतं आणि वकिलानं बजावलं होतं, पोलिसांशी कसलाही संबंध येऊ देऊ नका. या एका बरणीपायी आम्हाला सगळं आवरून परत जावं लागलं असतं.

अण्णा डोकं पुसत बाहेर आले. मी बरणी टेबलावर आपटलीच.

"हे काय आहे, अण्णा?"

"ठेव आहे," ते शांतपणे म्हणाले. "त्याची."

शेजाऱ्याला कॅन्सर होता. केमोनंतर पोटात काही ठरायचं नाही. दोन झुरके मारले की थोडं खाता यायचं. पण त्याची मुलगी दर शनिवारी यायची आणि सापडेल ते संडासात ओतायची. म्हणून बरणी आमच्याकडे. आमच्या हीटरनं मालाचा चुरा व्हायला लागला आणि तो ओढून त्याचा घसा सोलवटायचा. अण्णांनी बरणीत ओला रुमाल ठेवून पाहिला, तर बुरशी धरली. मग त्यांना माझ्या पुड्या आठवल्या.

"आणि तुम्हीही ओढता ना? खरं सांगा. भूक बरी वाढलीय तुमची!"

अण्णांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "कुणी आलंच तर माझं म्हणून सांग. मला कुठे कार्ड हवंय?"

"काही नको. आजच्या आज परत करा."

दुपारी ते निघाले, कोटाखाली बरणी आणि हातात भाताचा डबा. मी पाठोपाठ. इतक्या सहज सोडतील होय? शेडमागे लपवतील आणि मला सांगतील दिली म्हणून. मी गॅरेजच्या खिडकीला नाक लावलं.

म्हातारा ब्लँकेट गुंडाळून घडीच्या खुर्चीत बसला होता. मनगट इतकं बारीक की घड्याळ कोपराकडे घसरलेलं. त्याचे झुरके चालले होते. अण्णा काहीही ओढत नव्हते. डबा गार होऊ नये म्हणून मफलरमध्ये गुंडाळून, मांडीवर धरून ते वाट बघत होते. मग त्यांनी झाकण उघडलं आणि त्याला चमच्यानं भरवायला लागले. माझा मऊ भात! तो गिळत होता आणि प्रत्येक घासाला अण्णा मान डोलावत होते. सासूबाईंच्या उशाशीही ते असेच चमचा घेऊन बसायचे, पण त्यांना शेवटी पाण्याचा घोटही जात नव्हता.

मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर राग आला.

अण्णा रिकाम्या हातांनी घरी आले. "दिली परत," म्हणाले. "रागावला नाही तो. म्हणाला, उद्यापर्यंत तरी पुरेल."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

मी लगेच बूट चढवले, जाऊन त्याचं दार वाजवलं आणि हात पुढे करून म्हटलं, "जार." त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. बरोबरच होतं त्याचं! शेवटी दिली. घरी येऊन मी ती तानपुऱ्याच्या पेटीत, गवसणीत गुंडाळून, भोपळ्याच्या आडोशाला ठेवली. त्या पेटीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. वकिलाचं बोलणं शब्द न शब्द आठवत होतं, तरी मी पेटी बंद केली.

रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, "काय गं, मिळाल्या का तुझ्या पुड्या?"

अण्णांचा घास हातातच थांबला.

"मिळाल्या," मी म्हटलं. "पेटीतच होत्या."

"मी म्हणत नव्हतो? उगाच सगळ्यांवर संशय घेत असतेस."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी त्याला उलट उत्तर दिलं नाही. उद्यापासून भात जरा जास्त लावायला हवा होता.