देवी काढायला आलोय

आत्या काल गेली. फ्लूने.

जिने उभं आयुष्य व्हायरस आणि लसींवर रिसर्च केला, ती. कुणी 'काय आयरनी आहे' असली कमेंट टाकू नका, प्लीज. डोकं फिरेल माझं.

तिच्या रिसर्चची सुरुवात लॅबमध्ये झालीच नाही. ती झाली डोंबिवलीजवळच्या आमच्या गावात, राणीच्या राज्यात, एकोणिसावं शतक संपत आलेलं तेव्हा.

आम्ही मिठागरवाले आगरी. खाडीकाठी घर. घरात दोन लहान बहिणी, थोरली भागी आणि धाकटी चिमी. भागी म्हणजे आत्याची पणजी.

एक दिवस कल्याणहून लस टोचणारा सरकारी माणूस आला. दारात उभं राहून म्हणाला, "देवी काढायला आलोय."

देवी काढणं म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणं. जुनी माणसं अजून तसंच म्हणतात.

पण पोरींच्या आईने तो शब्द पहिल्यांदाच ऐकलेला. तिला वाटलं, हा आपल्या देव्हाऱ्यातली देवी उचलून न्यायला आला.

"आमची देवी आमी कोनाला नेऊ देनार नाय," म्हणाली. देवीचा टाक पदरात, चिमी कडेवर, आणि मागच्या दाराने थेट मिठागरावर.

भागी अंगणात खेळत होती. त्याने तिच्या दंडावर टोचलं आणि पुढच्या घरी गेला. काही दिवसांनी तिथे फोड आले. देवी उठल्या, म्हणजे लस लागली.

चैत्रात साथ आली. चिमीला देवी आल्या.

देवी म्हणजे घरी आलेली पाहुणी. तिला चालत नाही म्हणून फोडणी बंद. दाराला कडुनिंब, आत कुणी यायचं नाही.

भागी मात्र चिमीपासून हलेना. तिच्याच गोधडीत निजायची, निंबाच्या डहाळीने तिला वारा घालायची. भागीला साधा ताप आला नाही.

चिमी गेली.

मग घरच्यांनी निकाल लावून टाकला. भागीची देवी काढली, म्हणून देवी चिमीवर कोपली. माहेरी हेच ऐकवलं आणि सासरी पोचायलाही वेळ लागला नाही.

म्हातारपणीसुद्धा ती दंडावरचे वण पदराखाली झाकून ठेवायची. लहानग्या आत्याने एकदा त्यांवर बोट फिरवलं तर म्हणाली, "नको हात लावू पोरी. यांच्यापायी बहिन गेली माझी."

आत्या सांगायची, मी सायन्सला गेले ती या एका वाक्यामुळे. भागी लसीमुळे वाचली, एवढं तर तिला शाळेतच कळलं. पण शरीर ते लक्षात कसं ठेवतं, किती वर्षं ठेवतं, याचा तिने पिच्छाच पुरवला. जिला हे सांगायचं होतं ती बाई मात्र तोवर गेलेली. याचं आत्याला फार वाईट वाटायचं.

मग आत्याची किडनी बदलली. नवी किडनी टिकावी म्हणून जी औषधं देतात, ती इम्युनिटीच दाबून ठेवतात. आत्याने सगळ्या लसी घेतल्या. टेस्टमध्ये अँटिबॉडीज जवळजवळ नाहीतच.

फोनवर म्हणाली, "माझ्या काही उठल्या नाहीत रे. आता तुमच्या दंडांवर जगायचं."

म्हणजे आम्ही आजारी पडायचं नाही, पडलो तर तिच्याकडे जायचं नाही. इतकं साधं होतं. तरी लोक शिंकत शिंकत भेटायला यायचे. "काही नाही हो, साधी सर्दी आहे."

परवा आयसोलेशनमध्ये एकालाच सोडणार होते. मास्क, गाऊन, ग्लव्हज घालून मी गेलेलो.

तिला धाप लागलेली. तरी माझी बाही वर सरकवायला लागली. मला कळेना काय हवंय. माझ्या लहानपणी काढलेल्या देवीच्या वणांवर तिने बोट ठेवलं तेव्हा कळलं. त्या वणांचा या फ्लूशी काही संबंध नाही, हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत असणार?

"तुझ्या उठल्यात," म्हणाली. "बस इथं."

बसलो. हात धरून बसण्यापलीकडे करता काहीच येत नव्हतं. सकाळी ती गेली.

आज आमच्या घरी फोडणी नाही.

आत्या, नीट जा. भागीपणजी भेटली तर आधी तेवढं सांग, चिमी तिच्यापायी गेली नाही.