गोळ्या चालू आहेत!

मेडिकल कॉलेजातल्या ज्या गोष्टी रिपोर्टात बसत नाहीत, त्या चहाच्या टेबलावर येऊन पडतात आणि तिथून हलत नाहीत. मी सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागात लेक्चरर आहे. लोक आजारी का पडतात, ते गावात जाऊन शोधायचं, हे आमचं काम. त्यामुळे आमच्या टेबलावर जरा जास्तच गर्दी!

आमच्या विभागप्रमुख कुलकर्णी मॅडम. खुर्चीत पाच मिनिटं टिकतील तर शपथ. एकदा तपासणीची कमिटी आली. साहेबांनी विचारलं, "हेड कुठे आहेत?"

मी म्हटलं, "फील्डवर."

"फील्ड कुठे आहे?"

"पेठ तालुक्यात, सर."

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "मग आम्ही इथे काय तपासतोय?"

*

त्या वर्षी आमचं संशोधन होतं रक्त कमी असलेल्या बायकांवर. सरकारी दवाखान्यातून लाल गोळ्या मिळतात, त्या बायका खातात की नाही? सर्व्हेला होता निखिल, आमचा पीजीचा विद्यार्थी. येवल्याचा पोरगा, हुशार, पण फॉर्मची भाषा जशीच्या तशी वाचायचा.

पेठजवळच्या पाड्यावर हिराबाई नावाच्या चाळिशीतल्या बाईंना त्यानं विचारलं, "आपण लोहयुक्त गोळ्यांचे नियमित सेवन करता का?"

हिराबाई सुनेला म्हणाल्या, "सेवन कोन गं? नर्सबाई बदलली का?"

*

तरी फॉर्म भरले. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच: हो, खाते. निखिल खूश! मॅडम मात्र व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या.

"निखिल, बायकांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितलीस?"

"हो मॅडम. आतून पांढरी आहे, म्हणजे रक्त कमीच."

"म्हणजे गोळ्या कागदावर लागू पडल्यात!"

*

पुढच्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला विद्यार्थ्यांनी एकमेकांचं हिमोग्लोबिन तपासलं. निम्मा वर्ग ढेपाळलेला निघाला. होस्टेलचा वडापाव, दुसरं काय! देवळाली कॅम्पची एक मुलगी, वडील सैन्यात, रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, घरी कळवू नका. बाबा रोज सकाळी फोनवर हजेरी घेतील, गोळीची!"

शिकवायला उभ्या असलेल्या निखिलनंही सुई टोचून घेतली. त्याचंही कमी. मॅडमनी तिथल्या तिथे लाल गोळ्यांची पाकिटं त्याच्या हातावर ठेवली.

तेव्हापासून मॅडम जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "गोळ्या?"

निखिल उत्तर द्यायचा, "चालू आहेत!" आणि दोन-दोन पायऱ्या उतरायचा.

*

मग बातमी आली. निखिलचा या सर्व्हेवरचा पेपर राज्याच्या कॉन्फरन्ससाठी निवडला गेला! डीन सरांनी पेढे वाटले, गेटवर फोटोसकट बॅनर लागला. आणि हा पोरगा कावराबावरा. मागच्या दारानं यायचा, जेवणाचा डबा तसाच परत न्यायचा.

मी विचारलं, "अरे, झालं काय?"

"मॅडम," तो मला म्हणाला, "पेपरात लिहिलंय बायका गोळ्या खातात. मला एकदा परत पाड्यावर जायचंय."

कॉन्फरन्स चार दिवसांवर आली होती. कुलकर्णी मॅडमनी ते ऐकलं आणि गाडीची किल्ली उचलली. मीही गाडीत बसले.

*

हिराबाई अंगणात नागली पाखडत होत्या. निखिलनं फॉर्म काढला, तशा त्या वैतागल्या. "मागं सांगितलं ना बाबा, खाते म्हनून."

निखिल खाली मातीत बसला. बराच वेळ पेनचं टोपण उघडबंद करत राहिला. मग म्हणाला, "मावशी, माझंही रक्त कमी आहे. मलाही याच गोळ्या दिल्यात."

"मग?"

"चार दिवस खाल्ल्या. मळमळायला लागलं, पोट धरलं. सोडून दिल्या. कुणी विचारलं की सांगतो, चालू आहेत."

कुलकर्णी मॅडम त्याच्या मागेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता फुटणार! त्यांनी फक्त चष्मा काढला आणि पदराला पुसत राहिल्या.

हिराबाईंनी सूप खाली ठेवलं. त्याच्याकडे नीट बघितलं. "डाक्टर हाय ना तू?"

"हो."

"आन् तुलाबी मळमळतं?"

"लय."

त्या उठून आत गेल्या. पत्र्याचा डबा घेऊन आल्या आणि निखिलपुढे पालथा केला. लाल गोळ्यांचा ढीग! कुडाआडून बघणारी शेजारीण घरात गेली, ती ओंजळ भरून आली. मग तिची जाऊ. मग समोरच्या घरातल्या दोघी. नुसता गोळ्या पडल्याचा आवाज.

निखिल फॉर्म हातात धरून बघत राहिला.

हिराबाई त्याच्यासमोर फतकल मारून बसल्या. म्हणाल्या, "पयला कागद फाड. आता इचार."