घरातल्या घरात पोस्टकार्ड

आमच्या नात्यागोत्यात अजूनही सांगतात, की यांनी तरुणपणी मोठं धाडस करून यशवंतपूरला वेगळं बिऱ्हाड थाटलं. सांगणारे मान डोलावतात, हे खाली बघतात आणि मी पानात आणखी एक पोळी वाढते. चारचौघांत नवऱ्याचं पितळ उघडं पाडू नये, एवढं बेळगावच्या माहेरानं मला शिकवलं होतं. पण आता लिहायलाच बसले आहे, तर ते धाडस कसलं होतं तेही सांगते.

साठ साल उजाडायच्या आतली गोष्ट. बेंगळूरच्या पेठेत आमचं घर होतं. माणसं तेरा, चूल एक आणि ती सासूबाईंची. सकाळी अंघोळ करून त्या सोवळ्यात आत शिरायच्या आणि तिथूनच भाजी जाहीर करायच्या. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण आज जेवायला काय करायचं हे मी एकदाही ठरवलं नव्हतं. मला काही राज्य नको होतं. एखाद्या दिवशी मनात आलं तर नुसतं पिठलं करावं, दार लावून दोघांनी जेवावं, इतकंच हवं होतं. ते इतकं हवं होतं, की कधी कधी चिंच कोळता कोळता मला रडू यायचं.

हे ज्या कारखान्यात कारकून होते तो यशवंतपूरला. रोज पेठेतून सायकल हाणत जायचे. तिथं स्टेशनजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. अडचण एकच, आईला सांगायचं कसं? यांची तयारी दांडगी होती. जाता-येता सायकलवर भाषण पाठ करायचे. पण आषाढात असलं काही बोलू नये, पितृपंधरवड्यात तर नाहीच नाही, पौष वाईट आणि चैत्रात आईचे गुडघे दुखतात. असं करता करता बारा महिन्यांत धीर करायला एकही महिना मोकळा सापडेना. शेवटी घरमालकच कंटाळला. येत्या सोमवारी आला नाहीत तर खोल्या दुसऱ्याला देतो, असं त्यानं स्वच्छ सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी हे छाती काढून घरी आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काम झालं. आईला पोस्टकार्ड टाकलं."

आपण आणि आई एकाच घरात राहतो, हे यांना ठाऊक होतं. मी विचारून खात्री करून घेतली.

बेत असा होता, की दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड येईल, कुणीतरी वाचून दाखवेल, जे काय रडणं-ओरडणं व्हायचं ते होईल आणि हे संध्याकाळी येईपर्यंत घर शांत झालेलं असेल. बेत चांगलाच होता. फक्त सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. घरातले बाकीचे कानडी शाळेत शिकलेले. बोलायला मराठी, लिहावाचायला कानडी. माझ्या थोरल्या दिरांना, म्हणजे अण्णांना, मराठी अक्षर लागत नसे. हौसेनं मराठी वाचायला शिकलेले हे एकटेच. दुसरी मी, पण घरची पत्रं सुनेनं वाचायची नाहीत. त्यामुळं कुठल्याही नातेवाइकाचं मराठी पत्र आलं, की ते संध्याकाळपर्यंत थांबायचं आणि हेच ते सगळ्यांना वाचून दाखवायचे.

"मग कानडीत लिहायचं होतं. अण्णांनी वाचलं असतं," मी म्हटलं.

"आईला लिहायचं ते मातृभाषेतच," हे म्हणाले. आणि मग यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

बुधवारी दुपारी कार्ड आलं. सासूबाईंनी ते मांडीवर ठेवलं. "मी वाचू का, आत्याबाई?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "स्वल्प थांब की. तो येऊ दे." आणि मी थांबले. माझाही जीव भांड्यात पडला, हे कबूल करते. घाबरटपणाचा मक्ता काही यांच्या एकट्याकडं नव्हता.

संध्याकाळी हे मुद्दाम कब्बन पार्काला वळसा घालून आले. बघतात तर घर शांत! दाराशीच सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं आलास. पत्र आलंय, वाच बघू." सगळे गोल करून बसले. यांनी स्वतःचंच कार्ड हातात घेतलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "अक्कामावशीचं आहे."

सासूबाईंची धारवाडची थोरली बहीण ती. एका लग्नात मानाच्या साडीवरून दोघींचं बिनसलं, तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला थाप सुचली, की ती अशी भरघोसच सुचते. हे वाचत गेले. झालं गेलं विसरून जा. तुझी फार आठवण येते. एकदा डोळे भरून बघायचंय. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना रडताना मी प्रथमच पाहिलं.

गुरुवारी त्यांनी अक्काला इकडेच बोलवायचं ठरवलं. शुक्रवारी यांना समोर बसवून उत्तर लिहून घेतलं. ते यांच्या खिशातच राहिलं. शनिवारी हुकूम निघाला, की अक्का आली म्हणजे मागची खोली तिला द्यायची, तेव्हा त्या खोलीला चुना मारून घ्या. मागची खोली म्हणजे आमची खोली. दोन खोल्या मिळवायला टाकलेल्या कार्डापायी हातात होती तीही गेली. एवढा कर्तबगार नवरा सात जन्म मागावा लागतो.

"रविवारी सांगतो," हे म्हणाले.

रविवारी जेवणं झाली. सासूबाईंनी पुन्हा कार्ड काढलं. ते वाचायची ही पाचवी खेप. हे वाचू लागले आणि त्या मध्येच म्हणाल्या, "ते 'डोळे भरून' राहिलं की रे. काल 'बघायचंय'च्या आधी होतं." यांनी निमूटपणे डोळे भरून घातलं. सगळे हसले. उद्या सोमवार होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, यांच्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि उभ्यानंच वाचलं.

"तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही उभयता येत्या सोमवारी यशवंतपूर येथे वेगळं बिऱ्हाड करीत आहोत. राग नसावा. कळावे, तुझा आज्ञाधारक."

हे जमिनीकडं बघत होते. मी मात्र ताठ उभी होते, कारण माझी उत्तरं तयार होती. म्हातारपणी टाकून जाता का? लोक काय म्हणतील? कुणी शिकवलं याला हे? सात वर्षं चुलीपुढं बसून मी एकेका प्रश्नाला एकेक उत्तर घोटून ठेवलं होतं. यांच्यासारखं खिशात ठेवायचं नाही, आज सगळी काढायची, असं मी ठरवलं होतं.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. "म्हणजे अक्कानं काही लिहिलंच नाही?"

"नाही, आत्याबाई."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात पुढं करून कार्डावर बोट ठेवलं. ओळी कुठं सुरू होतात तेही त्यांना कळत नव्हतं, त्यामुळं बोट कोऱ्या जागेवर पडलं.

"आठवण येते म्हणून आहे ना, ते तरी खरं आहे का? बघ की नीट. पाठीमागं असेल."

मी कार्ड उलटून बघितलं. पाठीमागं आमचाच पत्ता होता.