नवरदेवाकडची गाडी

दाट लग्नतिथीला नारायणगावात गाडी लावायला जागा मिळाली तर माणसानं पेढे वाटावेत. त्या दिवशी मला ठिबकचं सामान घ्यायचं होतं आणि बाजारात मुंगीलासुद्धा शिरायला वाव नव्हता. एका मंगल कार्यालयाचं पटांगण मात्र सताड उघडं. फाटकावर पाटी होती: गाड्या फक्त लग्नाच्या पाहुण्यांच्या, इतरांना दंड. मी ती वाचली आणि खुशाल गाडी आत घातली. आमच्याकडं लग्नात कोण कुणाचा हे कुणी विचारत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

परत आलो तर पुढच्या चाकाला जॅमर. शेजारी खुर्ची टाकून वॉचमन बसलेला.

"दादा, दंड भरा आन् गाडी काढा," तो म्हणाला.

दंड काही फार नव्हता. पण भरायचा म्हणजे आपण चुकलो हे कबूल करायचं, आणि ते माझ्या रक्तात नाही. टोलनाक्यावर, बँकेत, पेट्रोल पंपावर, मी कुठंही भांडतो. बायको तर माझ्याबरोबर बाजाराला यायचं टाळते. मी आवाज चढवला. दंड करायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? वॉचमननं पाटीकडं बोट केलं. मॅनेजर आला, बघेही जमले. आपण हरतोय असं दिसल्यावर मी ठोकून दिलं, "अहो, मी नवरदेवाकडचा आहे! पाहुण्यांना असं वागवता?"

मॅनेजरनं माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. त्यातून ठिबकची नळी डोकावत होती. मग त्यानं आत निरोप पाठवला आणि नवरीच्या वडिलांनाच बोलावून घेतलं, कारण कार्यालय त्यांनी घेतलं होतं. एवढ्या गडबडीत ते कशाला येतायत, असं मला वाटलं. ते धावतच आले. अनवाणी, फेटा एका कानावर उतरलेला, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. चाकाचं कुलूप बघून त्यांचा चेहराच पडला.

"आरं, सोयऱ्याच्या गाडीला कुलूप? माझी अब्रू घालवता का?"

"काका, तुम्ही ओळखता का ह्यांना?" मॅनेजरनं विचारलं.

"त्यांचं समदं गाव मला कसं ओळखू यील? पावणं म्हनत्यात ना, मंग झालं!"

"ह्यांच्या पिशवीत ठिबकचं सामान आहे, काका."

"आसंल! बाजाराला गेलं असतील. तुला काय करायचंय?" आणि त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढून त्याच्या हातात कोंबले. "घे तुझा दंड. पन पावण्यांना येक शबुद बोलू नको."

"अहो, नको, नको," एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांना वाटलं, मी रुसलो. नवरदेवाकडचा माणूस रुसला की मांडवात काय काय होतं, ते आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी घाईघाईनं कुणाला तरी आत पिटाळलं आणि टॉवेल, टोपी, नारळ मागवला. मी पाहुणा नाही, एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण समोर वॉचमन उभा होता. त्याला सगळं कळलेलं होतं आणि तो गालात हसत होता. त्याच्यादेखत खोटारडा ठरायला मी तयार नव्हतो. मी मान वाकवली, त्यांनी आपल्या हातानं मला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. मला माझीच शिसारी आली, तरी मी नारळ घेतला.

जेवायचा आग्रह मी कसाबसा मोडला आणि गाडीत बसलो. ते दार धरून उभेच. आत बॅन्ड सुरू झाला होता, त्यांना कुणीतरी हाका मारत होतं. ते खिडकीशी वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पावणं, आमचं चुकलं. पन तिकडं घरी ह्यातलं काई काढू नका. पोर आजच चाललीया, तिला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागंल."

"नाही काढणार," मी म्हणालो.

तेव्हा कुठं त्यांनी दार सोडलं.