मागच्या गल्लीचे नाव

शांतवनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पावर हाउसच्या बाजारात भाजी घेत होते. खरे सांगायचे तर त्या क्षणी दुःखाआधी भीती वाटली. आता रविवारी प्रार्थनेची ती यादी कोण वाचणार?... थोरल्या मावसभावाच्या मरणाच्या बातमीवर हा विचार मनात यावा, याची लाज दीड महिन्यानंतरही गेलेली नाही.

नागपूरकडून पोलाद कारखान्यात आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची आमची लहानशी मंडळी वैशाली नगरात उपासनेला जमते. राज्यकर्त्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालवण्याचे काम भाऊंकडे होते. भट्टीपुढे उमर घालवलेला तो माणूस चार घड्यांचा कागद उघडून एकेक नाव सावकाश वाचायचा आणि थांबायचा. मंडळी ‘आमेन’ म्हणाली की मगच पुढचे नाव.

आमच्या वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, विजय हा आमच्यातलाच, भाऊंच्या हाताखाली चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकलेला. तो निवडून आला त्याच वर्षी आमच्या घरची प्रार्थनासभा बंद पाडायला जमाव आला. आतून दाराची कडी धरून मी उभी होते. विजय मोटारसायकलवर एकटाच आला, बोलला, लोक पांगले. त्या संध्याकाळपासून आम्ही सारे त्याच्या आडोशाला राहू लागलो.

आडोशाला राहणाऱ्याला पलीकडचे दिसत नाही. चर्चच्या मागच्या गल्लीत जायची पाण्याची पाइपलाइन विजयने आमच्या रस्त्याकडे वळवली. त्या गल्लीने त्याला मते दिली नव्हती. भर उन्हाळ्यात तिथल्या बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन आमच्या फाटकावरून जात, आणि आम्ही पडदे ओढून घेत असू.

एका रविवारी भाऊंनी पहिले नाव नेहमीप्रमाणे विजयचे घेतले. आमेन दणक्यात झाले. मग म्हणाले, “मागच्या गल्लीसाठी, जिचं पाणी आम्ही घेतलं.” कोणी आमेन म्हटले नाही. भाऊ थांबून राहिले... तिसऱ्या बाकावर मीही मान खाली घालून बसले होते.

उपासना सुटताच मंडळीचे सचिव सुमंतराव अंगणातच कडाडले, “भाऊ, तुमाले काय सुचून राहिलं हो? लोक आपल्या जिवावर उठले, अन् तुमी आपल्याच पोराले खाली पाहाले लावता!”

“आपला आहे म्हणून तं त्याचं नाव पहिलं घेतो.”

“मंग दुसरं कावून घेता?”

“शेजाऱ्यावर प्रेम कर, हे त्याले मीच शिकवलं, सुमंत. शेजारी कोण, ते शिकवाचं राहून गेलं वाट्टे.”

“उद्या जमाव आला तं ते गल्ली येईन का धावून?”

भाऊंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “मालूम नाही बाबा. मलेही भेव लागते.”

घरी परतताना मला एवढेच म्हणाले, की प्रभूला वधस्तंभावर देणाऱ्यांनीही आपल्या लोकांच्या भल्याचेच कारण पुढे केले होते. पुढे वर्षभर ती ओळ ते वाचत राहिले. वर्षभर आमेन आले नाही. हळूहळू उपासनेनंतर त्यांच्याशी हात मिळवायलाही कोणी थांबेनासे झाले. आणि विजयला त्याची चूक सांगणारे माणूस त्यांच्याखेरीज उरले नाही.

दफनानंतर वहिनींनी तो कागद माझ्या हाती ठेवला. “तुमालेच द्याले सांगतलं होतं त्याइनं.” पहिल्या रविवारी मी दुसरी ओळ गाळली. सुमंतरावांनी माझ्या वाचनाची तारीफ केली. त्या दुपारी जेवण गेले नाही, तरी पुढचे रविवारही मी ती गाळतच गेले.

मागच्या रविवारी ती ओळ वाचली. आवाज इतका बारीक निघाला, की तो पोचला याची खूण एकच: पहिल्या बाकावर विजयने मान वर केली. आमेन आले नाही. पुढच्या नावाकडे पळावे असे वाटत होते. पण कागदाच्या कडेला एक जागा अंगठ्याने मळलेली आहे. वाट पाहताना भाऊ तिथेच धरत असावेत. माझा अंगठा तिथे टेकला, आणि मी थांबले...